चेअरमनना न चावलेली अळी

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून कण्हेरीची एक लांब रांग होती. बिल्डरनं लावून दिलेली. पाणी घातलं नाही तरी चालतं, गुरंढोरं तोंड लावत नाहीत आणि फुलं देवाला वाहता येतात, एवढ्या गुणांवर ती वर्षानुवर्षं टिकून होती. आमचे कित्येक सभासद याहून कमी गुणांवर टिकून आहेत, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

पहिली तक्रार चेअरमननी केली. ते सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसाला हुकूम सोडायला कुणी उरत नाही, म्हणून आपल्याकडे गृहनिर्माण सोसायट्या असतात. त्यांची गाडी कण्हेरीच्या सावलीत उभी असायची आणि बॉनेटवर रोज सकाळी काळ्या, खाचदार गोळ्या पडलेल्या दिसायच्या. चेअरमन म्हणाले, उंदरांच्या लेंड्या आहेत. त्यांनी पिंजरे मागवले, पिंजऱ्यांत भज्यांचे तुकडे अडकवले आणि आठवडाभर आमच्या गारखेडा भागातल्या मांजरांना भजी खाऊ घातली. मी शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उंदीर कण्हेरीच्या शेंड्यावर चढून नेमका चेअरमनच्याच गाडीवर नेम धरत असतील, हे मला पटेना. मी मान वर करून झाडात पाहिलं. हा प्रयोग तोवर कुणी केला नव्हता.

झाडात अळी होती, आणि बॉनेटवरच्या गोळ्या तिचीच विष्ठा होत्या. बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरी रेघ आणि रेघेभोवती रवा सांडावा तसे ठिपके. मी फांदी हलवली तशी तिनं डोकं आत ओढून घेतलं, मानेचा भाग फुगवला आणि तिथले दोन निळे डोळे माझ्यावर रोखले. ते डोळे खोटे. खरे डोळे भिंगाखाली शोधावे लागतात. चिमणीनं किंवा सातभाईनं समोर साप आहे असं समजून उडून जावं, एवढ्यासाठी ती सगळी नक्कल. पाठीच्या टोकाला एक छोटंसं पिवळं शिंग होतं, तेही नुसतं शोभेचं. या अळीकडे नांगी नाही, विषारी केस नाहीत, आणि माणसाला चावायची तिला गरजही नाही. तिला फक्त पानं हवी असतात.

कॉलेजात मी विभागातल्यांना फोटो दाखवला. या अळीचा जो पतंग होतो त्याचा पूर्ण जीवनक्रम आपल्या भागात नीट नोंदवावा असं माझ्या मनात होतं. कुठल्या झाडांवर अंडी घालतो, काय खातो, काय नाकारतो. विभागप्रमुखांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि विचारलं, "बढतीला याचे पॉइंट किती मिळतील?" दुसरे एक प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, दारातल्या कण्हेरीवर कोण पेपर छापणार? काहीतरी समुद्रातलं घ्या." समुद्र आमच्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. हे गृहस्थ आयुष्यभर झुरळाची पचनसंस्था शिकवत आले, तीही आदल्या वर्षीच्या वहीतून. मी त्यांचा सल्ला मानला नाही.

मग बाल्कनीत बरण्या आल्या. तोंडाला मलमलीचं फडकं, आत कण्हेरीची कोवळी डहाळी. माझा नवरा मितभाषी माणूस. तो एवढंच म्हणाला, "चहाच्या पातेल्यात ठेवू नकोस म्हणजे झालं." त्याच्या तोंडून आलेला तो उत्तेजनपर ठरावच होता.

अंडं अगदी बारीक, फिकट हिरवं, कोवळ्या पानावर एकेकटं चिकटवलेलं. त्यातून निघते ती अळी पिवळी, आणि शेपटीला अंगाच्या मानानं भलतंच लांब काळं शिंग. आधी ती स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग कात टाकत टाकत हिरवी होते, शिंग आखूड होत जातं आणि निळे डोळे उमटतात. पोट भरलं की एके दिवशी तिचा हिरवा रंग विटतो, ती तपकिरी होते, खाणं सोडते आणि अस्वस्थ होऊन हिंडायला लागते. खाली उतरते, पालापाचोळ्यात शिरते, चार पानं रेशमाच्या विरळ धाग्यांनी ओढून घेते आणि आत कोष होऊन पडते. कोषातून जो पतंग निघतो त्याच्या पंखांवर शेवाळी, गुलाबी आणि पांढऱ्या रंगाची अशी नक्षी असते, की आमच्याकडे हिमरू शाली म्हणून पर्यटकांच्या गळ्यात जे मारतात त्याची लाज वाटावी. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तो सदाफुलीवर येतो, न बसता हवेतच थबकून फुलात लांब सोंड घालतो. तो पंख इतक्या वेगानं हलवतो की पंख दिसतच नाहीत, नुसती थरथर दिसते.

कण्हेर विषारी आहे, हे मात्र खरं. तिच्या पानानं बैल मरतो, माणसाचं हृदय थांबतं. ही अळी तेच पान भाकरीसारखं खाते. मी तिच्यापुढे दुसरी पानं ठेवून पाहिली. पेरूचं पान ठेवलं, तिनं तोंड लावलं नाही. कडुनिंब, जास्वंद, तेच. तगर ठेवली, खाल्ली. सदाफुली खाल्ली. रुईच्या पानाला एक-दोन चावे घेतले आणि तोंड फिरवलं. कण्हेर, तगर, सदाफुली, रुई, ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली झाडं. पान तोडलं की यांतल्या बहुतेकांना दुधासारखा चीक येतो. अळीनं पुस्तक वाचलेलं नसतं, पण पिढ्यानपिढ्या या एका घराण्याशी तिचं जेवण बांधलं गेलं आहे, आणि ते घराणं ती वासावरून ओळखते. आमच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते चार्टवरूनही ओळखता येत नाही.

मी वेडी, मी एका अळीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. माझ्या हातावर बसलेली, मान फुगवलेली अळी. खाली लिहिलं की ही आपल्या कण्हेरीवर आहे, मुलांना बघायला आणा. पंधरा अंगठे आले, तीन हात जोडलेले आले आणि एकानं गणपतीचा फोटो टाकला. मुलं कुणी आणली नाहीत.

श्रावण संपता संपता तो फोटो परत आला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तो ग्रुपवर पाठवला. मधल्या काळात तो कुठं कुठं हिंडून आला असावा, कारण येताना त्यानं एक मेलेला माणूस सोबत आणला होता. 'सावधान! या अळीला नागअळी म्हणतात. हिला डोळे असतात. हिनं फक्त पाहिलं तरी चक्कर येते, चावली तर माणूस पाच मिनिटांत खलास. एका शेतकऱ्याला दवाखान्यात नेईपर्यंत जीव गेला. आपल्या माणसांना वाचवायचं असेल तर पुढं पाठवा.' सोबत एका माणसाचा घोगरा आवाज होता, तो सारखं "लई डेंजर अळी हाय ही" असं म्हणत होता. फोटोत माझ्या बांगड्या होत्या. मागं आमच्या बाल्कनीचा पोपडे उडालेला कठडा होता. माझाच हात दाखवून लोक एकमेकांना सांगत होते की हा माणूस मेला.

मी ग्रुपवर लिहिलं, "हा हात माझा आहे. मी जिवंत आहे."

त्याला एकही अंगठा आला नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तातडीची बैठक झाली. एरवी पाण्याच्या टाकीसाठी बोलावलं तर चार डोकी जमतात, त्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या. चेअरमननी तो संदेश मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्यांकडे तो होताच, तरी सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकावा तसा ऐकला. मी बरणी घेऊन गेले होते. मी उठले, झाकण काढलं आणि अळी मनगटावर घेतली. ती दंडापर्यंत चढली, थांबली, इकडेतिकडे डोकं हलवलं आणि परत खाली वळली. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या फरशीवर करकरत मागं सरकल्या.

"बघा," मी म्हटलं. "चावत नाही. चावायला तिला तसं तोंडच नाही."

"तुमचं वेगळं आहे, मॅडम," चेअरमन म्हणाले. "तुम्हाला सवय झालीय. तुमच्या अंगात ते भिनलंय."

"काय भिनलंय?"

"विष."

लोकांनी माना डोलावल्या. वरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "तरीच मॅडम कधी आजारी पडत नाहीत."

मी विचारलं, "तुम्ही रोज कण्हेरीची फुलं देवाला वाहता. ते झाड खरोखर विषारी आहे. त्याचं पान पोरानं चावलं तर दवाखान्यात न्यावं लागेल. त्याची भीती नाही वाटत?"

"देवाचं झाड हाय ते," मागून कुणीतरी म्हणालं. "देवाच्या झाडाला कायबी बोलू नका."

झाड विषारी, त्याला देवत्व. अळी निरुपद्रवी, तिला मृत्युदंड. ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतानं म्हणजे माझं मत धरलं नाही.

त्याच दुपारी चेअरमननी फवारणी करायची ठरवली. माणूस बोलवावा, असं सेक्रेटरी म्हणत होते. पण चेअरमनची गावाकडं शेती, आणि कपाशीवर मारायचं औषध घरात पडलेलं. "त्याला काय लागतंय? मी स्वतः मारतो," ते म्हणाले. आपण घाबरत नाही हे त्यांना दाखवायचं होतं, आणि अळीपुढे ते दाखवणं सोपं होतं. मी बाल्कनीतून पाहत होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा बनियन, खाली बर्म्युडा, तोंडाला हातरुमाल, पायात स्लिपर. पाठीवर फवारा पंप. भर उन्हात वारा सुटलेला, आणि हा गृहस्थ वाऱ्याकडे तोंड करून फवारतोय. मी ओरडले, "अहो साहेब, वारं तुमच्याकडं येतंय! तोंड फिरवा!" त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. चार बायका गच्चीवरून व्हिडिओ काढत होत्या. फवारा झाडावर कमी आणि चेअरमनवर जास्त पडत होता.

मी खाली जाणार होते. तेवढ्यात नवरा म्हणाला, "तू गेलीस तर तो मुद्दाम आणखी जवळ जाईल." ते खरं होतं, म्हणून मी थांबले.

तासाभरानं बेल वाजली, वाजत राहिली. दारात चेअरमनच्या बायको. एरवी ही बाई मान खाली घालून जिना उतरायची, कधी मोठ्यानं बोललेली ऐकली नव्हती. केस सुटलेले, हाताला पीठ.

"मॅडम, चला हो लवकर! यांना अळी चावली!"

चेअरमन हॉलमध्ये सोफ्यावर आडवे होते. घामानं निथळत होते. तोंडातून लाळ गळत होती, उलटी झाली होती आणि दंडाचे स्नायू कातडीखाली नुसते उडत होते. शेजारचे दोघं-तिघं दारातून बघत होते. आत कुणी येत नव्हतं, कारण चावलेला माणूस चावतो असं त्यांना वाटत असावं. एकजण म्हणाला, "लिंबू लावा." दुसरा म्हणाला, "हळद." वरच्या वहिनी मला म्हणाल्या, "बघितलंत? आम्ही सांगत होतो ना."

मी त्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अंगाला त्या औषधाचा लसणीसारखा उग्र वास येत होता. "अळी नाही," मी म्हटलं, "औषध लागलंय. बाटली कुठंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनीच धावत जाऊन जिन्याखालून बाटली आणली. बाटलीवर लाल त्रिकोण होता, जहाल विषाची खूण. हा त्रिकोण कशाचा, हे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतं, फक्त तो मोबाइलवर यावा लागतो, बाटलीवर नव्हे. मी चेअरमनचा बनियन कात्रीनं कापून काढला, अंगावर पाणी ओतलं, तोंड एका कुशीला वळवलं. नवऱ्यानं गाडी काढली. दारातल्या दोघांना मी अक्षरशः ओरडून आत बोलावलं, तेव्हा त्यांनी हाताला पिशव्या गुंडाळून चेअरमनना उचललं.

गाडीत मागं मी, चेअरमन आणि त्यांच्या बायको. त्यांचं डोकं बाईंच्या मांडीवर. श्वास घरघरत होता. बाई एकसारख्या त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत होत्या आणि मी त्यांचा हात बाजूला करून म्हणत होते, "वहिनी, पदर लावू नका, तुमच्या अंगाला लागेल." सिग्नलला गाडी अडकली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर नुसता राग होता. या माणसाचा मला तिटकारा होता, अजूनही आहे. पण तो असा, माझ्या डोळ्यांपुढं, एवढ्या मूर्खपणापायी मरावा असं मला नको होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मुलगी ड्यूटीवर होती. "काय झालं?" तिनं विचारलं. बाईंचा एक भाऊ तोवर तिथं पोचला होता, तो म्हणाला, "विषारी अळी चावली." तिनं पेन थांबवलं. मी बाटली तिच्यापुढं ठेवली. तिनं लेबल पाहिलं, बाहुल्या पाहिल्या आणि नर्सला हाक मारली. पुढं सगळं भराभर झालं. इंजेक्शनं, ऑक्सिजन, अंग पुन्हा धुणं. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाटली आणलीत ते बरं केलंत. नाहीतर आम्ही नातेवाइकांची अळी शोधत बसलो असतो."

चेअरमन वाचले. आठवड्यानं घरी आले. गेटवर फुलांची रांगोळी होती, औक्षण झालं. आणि ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती यानंतरची आहे.

गावातल्या कुठल्यातरी यूट्यूब चॅनेलचा एक तरुण माइक घेऊन आला. चेअरमन शाल पांघरून सोफ्यावर बसले आणि त्यांनी मुलाखत दिली. 'मृत्यूच्या दाढेतून परतलेला लढवय्या' असं त्याचं शीर्षक होतं. अळी कशी अंगावर उडाली, कशी डोळ्यांत डोळे घालून पाहत होती, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. अळी उडत नाही. तिला पंख येतात तेव्हा ती अळी उरत नाही. पण लाखभर लोकांनी ते पाहिलं म्हणे, आणि माझ्या कॉलेजातल्या त्या झुरळवाल्या प्राध्यापकांनी मला ते पाठवून खाली विचारलं, "मॅडम, ही तुमचीच का?"

मी चेअरमनकडं गेले. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आत गेल्या.

"साहेब, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं?" मी विचारलं.

ते सोफ्यावर जरा सरकून बसले. मग म्हणाले, "औषध लागलं म्हणून सांगितलं."

"मग मुलाखतीत काय सांगितलंत?"

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. जरा समजून घ्या. चेअरमननं वाऱ्याकडं तोंड करून स्वतःवरच फवारलं, असं सांगू का लोकांना? इंजिनिअर माणूस मी. हसतील लोक."

"आणि उद्या दुसऱ्या कुणी अळीच्या भीतीनं असंच औषध मारून घेतलं तर?"

"ते त्यांचं नशीब," ते म्हणाले. मग थोडे ओशाळून, "चहा घ्या ना."

मी चहा घेतला नाही. तिरस्कार दाखवायला माझ्याकडं त्या वेळी तेवढंच साधन होतं.

पुढच्या आठवड्यात कण्हेर तोडायचं ठरलं. देवाचं झाड आता अळीचं झाड झालं होतं. जेसीबी यायच्या आदल्या सकाळी मी खुरपं आणि टोपली घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले. फवाऱ्यानं झाडावरच्या अळ्या मेल्या होत्या, पण खाली पाचोळ्यात कोष असणार होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पेव्हर ब्लॉक बसणार होते. मी उकिडवी बसून पानं बाजूला करू लागले. बाल्कन्यांमधून लोक पाहत होते. कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळानं माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. चेअरमनच्या बायको होत्या.

"काय शोधायचं असतं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना एक कोष दाखवला. फिकट तपकिरी, गुळगुळीत, बाजूला काळे ठिपके. तळहातावर ठेवला तशी त्यानं शेपटीकडची बाजू हळूच वळवली. त्यांनी दचकून हात मागं घेतला नाही.

"जिवंत हाय व्हय?"

"आहे."

"मग काढू की सगळे."

आम्ही पाचोळा उचकत राहिलो. मधेच त्या म्हणाल्या, "आमच्या तगरीवर बी हायत तसल्या अळ्या. देवघराच्या खिडकीपाशी. यांना नाय सांगितलं मी. मारायला नाय झालं माझ्यानं."

"भीती नाही वाटली?"

त्या खुरप्यानं माती सारखी करत राहिल्या. "त्या दिवशी तुमच्या हातावर चढली होती ना. मी मागल्या खुर्चीत होते. सगळे तिच्याकडं बघत होते, मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही घाबरला नव्हता."

एवढ्या लोकांत एका माणसानं पुरावा पाहिला होता, आणि तिला त्या बैठकीत कुणी मत विचारलं नव्हतं.

कण्हेर गेली. तिच्या जागी 'सुरक्षित' झाडं लावायचा ठराव झाला आणि चेअरमन स्वतः पडेगावच्या एका नर्सरीत जाऊन ट्रॉलीभर रोपं घेऊन आले. काठाला तगर, मधे सदाफुली आणि कोपऱ्यात सप्तपर्णीची दोन दणकट रोपं. तिन्ही कण्हेरीचीच भावकी, तिन्हींना चीक. मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून काही बोलले नाही. रोपांना पाणी घालायला मात्र मी नियमानं जात होते. लोक म्हणाले, मॅडम सुधारल्या.

पुढच्या पावसाळ्यात अळ्या आल्याच. आता आम्ही दोघी होतो, मी आणि चेअरमनच्या बायको; त्यांना मी वहिनीच म्हणायचे. वहिनी स्वयंपाकघरातल्या डब्यात तगरीची पानं आणि अळी घालून जिना उतरायच्या, वर झाकण, झाकणाला छिद्रं. चेअरमनना वाटायचं, त्या मला लोणचं देतात.

त्याच वर्षी सप्तपर्णीवर मला एक अळी वेगळी वाटली. रेघेची ठेवण तीच नव्हती. मी ती बाजूच्या बरणीत ठेवली. कोष झाला, आणि एका संध्याकाळी त्यातून गडद, शेवाळी-जांभळट पतंग निघाला, पुढच्या पंखाच्या टोकाशी एक लहानसा पांढरा ठिपका. कण्हेरीच्या पतंगाचा हा सख्खा चुलत भाऊ. याचं कूळ मुख्यतः कदंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतं. दोघांचा पूर्वज एकच होता, हे त्यांच्या डीएनएवरूनही दिसतं आणि नुसत्या अंगलटीवरूनही. केव्हातरी एका शाखेनं चिकाची झाडं धरली, दुसरीनं कदंबाची. आणि गंमत अशी की कदंबाचं कूळ आणि कण्हेरीचं कूळ ही दोन्ही वनस्पतींमधल्या एकाच मोठ्या गणात येतात. पतंगांची भावकी वेगळी झाली, तरी ती झाडांच्याही भावकीतच फिरत राहिली. सप्तपर्णीवर मात्र दोघांनाही जेवायला चालतं. मी कदंबाचं पान दोन्ही जातींच्या अळ्यांपुढं ठेवलं. निळ्या डोळ्यांच्या अळीनं त्याच्यावरून चालत जाऊन सप्तपर्णी गाठली. दुसरीनं कडेनं कुरतडायला सुरुवात केली.

"म्हणजे एकाच ताटात जेवतात, पण घरी गेल्यावर येगळं," वहिनी म्हणाल्या.

मी ते विभागात सांगितलं. विभागप्रमुखांनी पुन्हा पॉइंट विचारले. मग मी तिथं सांगणं सोडलं आणि एका छोट्या नियतकालिकाला लिहून पाठवलं. त्यांनी छापलं. आभारात मी वहिनींना धन्यवाद दिले आहेत. आमच्या विभागात ते कुणी वाचलेलं नाही.

सोसायटीची वार्षिक सभा त्यानंतर झाली. चेअरमनना पुन्हा निवडून द्यायचं होतं. सेक्रेटरींनी भाषणात 'प्राणाची बाजी लावून आपलं रक्षण करणारे' असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. वहिनी बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्या उठतात ते चहा द्यायलाच, असा सगळ्यांचा समज.

"एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण स्वच्छ होता. "यांना अळी चावली नव्हती. फवारायचं औषध लागलं होतं. डॉक्टरनी कागदावर लिहून दिलंय. मॅडमनी बाटली नेली म्हणून हे वाचले. घरात लेकरं असत्यात, औषधं जिन्याखाली ठेवत जाऊ नका कुणी."

चेअरमन टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. सेक्रेटरींनी घसा साफ केला. क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी लाज वाटल्यासारखं दिसेल, कुणीतरी मान खाली घालेल. वरच्या वहिनींनी शेजारणीला विचारलं, "भांडण झालं का काय दोघांचं?" आणि मागून एकजण म्हणाला, "चला, पोहे गार व्हायले."

सगळे पोह्यांकडं गेले. चेअरमन बिनविरोध निवडून आले. घरी जाताना ते जिन्यात बायकोला काही बोलले नाहीत, एवढंच त्यांच्या बाजूनं सांगता येईल. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली पाहिलं तर औषधाच्या बाटल्या तिथं नव्हत्या. आमच्या सोसायटीतला हा एवढाच बदल. तो चेअरमननी केला की वहिनींनी, हे मी विचारलं नाही. वहिनी त्या दिवशी डबा घेऊन खाली आल्या तेव्हा डब्यात नुकतीच अंड्यातून निघालेली एक पिवळी अळी होती, आणि तिला तगरीचं पान कोवळं हवं की जून चालेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"कोवळं," मी म्हटलं.